हँड्सवर्थचा 'रेड लायन' : सोहो रोडवरचा बंद पडलेला पब पुन्हा उघडेल का?

तुळशीबागकर

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. बर्मिंगहॅमच्या सिटी सेंटरमधून ७४ नंबरची बस घेतली की हॉकलीनंतर सोहो रोड लागतो. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, हा हँड्सवर्थचा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना साड्यांची आणि सोन्याची दुकानं, मिठाईवाले, फुटपाथवर मांडलेली मेथी-कोथिंबीर, मोठा गुरुद्वारा, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. आणि एवढ्या चालत्या रस्त्यावर एक उंच, पिवळसर टेराकोटाची, नखशिखांत नक्षी असलेली इमारत बंद पडून आहे. हा 'रेड लायन' पब. २००८ मध्ये बंद झाला तो झालाच.

बांधला १९०१-०२ मध्ये. आर्किटेक्ट जेम्स अँड लिस्टर ली, बर्मिंगहॅममधले त्या काळचे कितीतरी गाजलेले पब या एकाच फर्मचे आहेत. आत रंगीत टाइल्सची मार्गिका, बारच्या मागे आरशांचं आणि लाकडाचं कोरीव काम. ग्रेड टू स्टार दर्जा आहे, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्या लिस्टेड (सरकारी वारसा यादीत नोंदवून कायद्याने जपलेल्या) इमारतींपैकी सहा टक्क्यांच्या आतबाहेर इमारतींना मिळतो तो. आणि तरीही ही इमारत हिस्टॉरिक इंग्लंडच्या, म्हणजे वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या, धोक्यातल्या वारशाच्या यादीत.

मला दोन गोष्टींवर चर्चा हवी आहे. एवढा मोठा दर्जा असलेली इमारत वर्षानुवर्षं अशी पडून राहूच कशी शकते, आणि दुसरं म्हणजे ती पुन्हा उघडायची असेल तर कोणासाठी आणि काय म्हणून उघडायची. मला स्वतःला वाटतं की नुसत्या भिंती वाचवून भागणार नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दार ढकलून आत जाता आलं पाहिजे, तरच ती वाचली म्हणायची. तुमचं मत काय?

दप्तरदार

उत्तम धागा. एक तपशील घालतो. राणी व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ ला गेली, म्हणजे या पबमध्ये पहिला ग्लास भरला तेव्हा गादीवर सातवा एडवर्ड होता. पण पब व्हिक्टोरियनच म्हणायला हवा असं माझं मत आहे, कारण ज्या लाटेत तो बांधला गेला ती लाट १८९० च्या दशकातली. त्या दहा वर्षांत ब्रुअरी कंपन्यांनी शेअर बाजारातून पैसा उभा केला आणि एकमेकींवर कुरघोडी करत पब विकत घ्यायचा आणि नव्याने बांधायचा सपाटा लावला. पब स्वतःच्या मालकीचा असला की तिथे फक्त आपलीच बिअर विकली जाणार, एवढं साधं गणित होतं. शतक संपता संपता तो फुगा फुटला.

बर्मिंगहॅममध्ये याला आणखी एक पदर आहे. इथले लायसन्स देणारे न्यायाधीश ब्रुअरींना सांगायचे की गल्लीबोळातल्या अंधाऱ्या गुत्त्यांची लायसन्सं परत करा, मग आम्ही तुम्हाला मोठ्या रस्त्यावर एक मोठा, प्रशस्त पब बांधू देऊ. कमी पण चांगले, असं धोरण. एक लायसन्स मिळवण्यासाठी दोनतीन सोडायची, मग नवा पब असा बांधायचा की लोकांचे डोळे दिपले पाहिजेत. या शहरातल्या महालासारख्या पबांची ऐट तिथून आली.

आणि हो, तेव्हा हँड्सवर्थ बर्मिंगहॅममध्ये नव्हतंच, स्टॅफर्डशरमध्ये होतं. १९११ मध्ये शहरात आलं.

तुळशीबागकर

दप्तरदार, फार छान माहिती. सोहोबद्दल आपल्या लोकांना भावेल अशी एक गोष्ट मी सांगतो. इथून चालत जाण्याच्या अंतरावर मॅथ्यू बोल्टनचं घर आहे, सोहो हाउस, आता म्युझियम आहे. बोल्टनचा कारखाना आणि टांकसाळ इथेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ ची तांब्याची नाणी, ज्यांच्यावर तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसीत 'अदल' असं आहे ना, ती या सोहो मिंटमध्ये पाडून जहाजाने मुंबईला गेली. पुढे मुंबईची टांकसाळ उभी राहिली १८२० च्या दशकात तेव्हा तिची वाफेची इंजिनं सुद्धा बोल्टन आणि वॉटच्या कंपनीची. म्हणजे सोहो आणि मुंबई यांचा संबंध इथे आपली मिठाईची दुकानं आली त्याच्या दीडदोनशे वर्षं आधीचा आहे.

काळाघोडा

रोचक!! वाचतोय. मुंबईत एस्प्लनेड मॅन्शनची, म्हणजे जुन्या वॉटसन्स हॉटेलची, हीच कथा आहे. इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून उभी केलेली इमारत, ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रं इथे दाखवली, आणि २००५ मध्ये तिचा पुढचा भाग कोसळला. हेरिटेज दर्जा असून.

विटामाती

मी कॉन्झर्व्हेशनचंच काम करते, आधी पुण्यात वाड्यांवर आणि आता इकडे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सांगा.

आधी टेराकोटाचं. बर्मिंगहॅमला टेराकोटाचं वेड लागलं ते व्हिक्टोरिया लॉ कोर्ट्समुळे, १८८७ ते ९१ मध्ये बांधलेली लालभडक इमारत आहे कॉर्पोरेशन स्ट्रीटवर, जरूर बघा. कारखान्यांच्या काजळीने दगड काळा पडायचा आणि खायचा, टेराकोटाला भट्टीतून निघताना वरून एक घट्ट कातडी येते, ती धुता येते आणि धुराला दाद देत नाही. शिवाय एकदा साचा केला की तीच नक्षी पन्नास वेळा काढता येते, दगड कोरण्यापेक्षा स्वस्त. म्हणून पबवाल्यांना ती आवडली.

पण टेराकोटाचा ठोकळा भरीव नसतो, आतून पोकळ असतो, बांधताना त्यात काँक्रीट नाहीतर विटांचे तुकडे भरतात आणि मागच्या भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी धरतात. जोपर्यंत वरून पाणी येत नाही तोपर्यंत शंभर वर्षं काही होत नाही. बंद इमारतीत पहिली गोष्ट काय होते, तर छपरावरचं शिसं चोरीला जातं, पन्हळी तुंबतात, पाणी भिंतीत उतरतं, आतलं लोखंड गंजतं आणि गंजलेलं लोखंड फुगतं, मग ठोकळा आतून फुटतो. बाहेरून तुम्हाला एक बारीक भेग दिसते, आत काय झालंय ते काढल्याशिवाय कळत नाही. आणि पन्हळीत बडलीयाचं झुडूप उगवतं, आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो ना, तसंच, मुळं सांध्यात घुसली की संपलं.

दुरुस्ती अशक्य नाहीये, हे मला ठासून सांगायचंय. तसे ठोकळे बनवणारे कारागीर इंग्लंडमध्ये अजून आहेत, लँकशरमध्ये डार्वेनला आहेत. व्हिक्टोरियन टाइल्ससाठी आयर्नब्रिजजवळ जॅकफील्डला क्रेव्हन डनिल आहे, जुन्या साच्यांवरून, जुन्या ग्लेझच्या रंगाला रंग जुळवून ते टाइल करतात, बर्मिंगहॅमपासून तासाभराच्या ड्राइव्हवर. फक्त दोन गोष्टी कोणी करू नयेत, सँडब्लास्टिंग आणि सिमेंटने सांधे भरणं. सँडब्लास्टिंगने ती वरची कातडी जाते आणि मग ठोकळा स्पंजसारखं पाणी पितो, सिमेंटमुळे पाणी आतच अडकतं. चुनाच हवा.

आता तुमचा पहिला प्रश्न, दर्जा असून पडून का. लिस्टिंगमुळे मालकाला काय *करता येत नाही* ते ठरतं, त्याने काय *केलंच पाहिजे* ते नाही. पाडता येणार नाही, परवानगीशिवाय बदलता येणार नाही, पण पब चालवा अशी सक्ती कोणीच करू शकत नाही. उलट कायद्यात दोन अशा गोष्टी आहेत ज्यांचा मला मनापासून राग येतो. एक, रिकाम्या व्यापारी जागेवर बिझनेस रेट्स, म्हणजे जागेवरचा कर, भरावे लागतात, पण लिस्टेड इमारत रिकामी असेल तर ते माफ. हेतू चांगला असेल, पण परिणाम असा की ती बंद ठेवायला फारसा खर्चच येत नाही. दोन, नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य, आणि जुन्या लिस्टेड इमारतीच्या दुरुस्तीवर वीस टक्के. पूर्वी लिस्टेड इमारतीतल्या मंजूर बदलांवर तरी सूट होती, ती २०१२ मध्ये काढली. एका पबच्या दुरुस्तीत व्हॅटचाच आकडा लाखात जाऊ शकतो.

कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, हत्यारं आहेत. १९९० च्या लिस्टेड बिल्डिंग कायद्यात कलम ५४ खाली अर्जंट वर्क्स नोटीस काढता येते, म्हणजे कौन्सिल स्वतः जाऊन छप्पर झाकणार, खिडक्या बंद करणार आणि खर्च मालकाकडून वसूल करणार. कलम ४८ खाली रिपेअर्स नोटीस, ती पाळली नाही तर सक्तीने खरेदी करता येते. पण सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम कौन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे खर्च भागवता येत नाही हे जाहीरच केलं. ज्या कौन्सिलला लायब्ररी चालू ठेवणं जड जातंय ती आधी खिशातून पैसे घालून छप्पर झाकेल आणि मग वसुलीच्या मागे लागेल, हे अवघड दिसतं.

पाणीदार

विटामातीताई, कंटाळा कसला, असंच लिहा. वाचनखूण साठवली.

रोखठोक

सगळ्यांच्या भावना समजतात, पण मला वेगळं मत मांडायचंय आणि ते मी मनापासून मांडतोय, कुणाला दुखवायला नाही. सोहो रोडच्या आसपास राहणारे बरेच लोक दारू पीत नाहीत, धर्मामुळे म्हणा, घरच्या संस्कारामुळे म्हणा. काहींनी घरात दारूपायी संसार मोडलेला बघितलाय. त्यांना सांगायचं की या दारूच्या दुकानासाठी चळवळ करा? शहरात लोकांना राहायला घरं नाहीत. वर फ्लॅट काढा, खाली दुकानं, दर्शनी भिंत ठेवा. इमारत वाचली, लोकांना छप्पर मिळालं. पब होता म्हणून पबच पाहिजे हा हट्ट कशाला?

दुसरं, पब बंद पडतायत ते काही एकट्या हँड्सवर्थला नाही. २००० साली देशात साठ हजारांच्या वर पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास आलेत. लोक घरी पितात, सुपरमार्केटमध्ये स्वस्त मिळते, २००७ पासून पबमध्ये सिगारेट बंद, २००८ ला मंदी. जे लोकांनी सोडून दिलं ते परत कसं आणणार?

दप्तरदार

रोखठोक, मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण "लोकांनी सोडून दिलं" हे अर्धंच कारण. १९८९ मध्ये सरकारने बिअर ऑर्डर्स काढल्या. सहा मोठ्या ब्रुअरींच्या हातात निम्म्याहून जास्त पब होते, ती मक्तेदारी मोडायला नियम केला की दोन हजारांच्या वर जेवढे पब असतील त्यातले निम्मे मोकळे करा. ब्रुअरींनी ते विकले, आणि घेतले कोणी तर नव्याने निघालेल्या पब कंपन्यांनी, ज्या बिअर बनवतच नव्हत्या, कर्ज काढून इमारती घेत होत्या. त्यांच्या हिशेबात पब म्हणजे प्लॉट. भाडं आणि बिअरचा भाव दोन्ही वाढवले, चालवणारा भाडेकरू टेकीला आला की बंद करायचा आणि विकायचा. चांगला चालणारा पब सुद्धा फ्लॅट म्हणून जास्त किमतीचा असतो, म्हणून बंद झालेले कितीतरी आहेत.

दर्शनी भिंत ठेवून मागे फ्लॅट काढण्याचं म्हणाल तर रेड लायनला ते लागू होत नाही, दर्जा बाहेरच्या भिंतीइतकाच आतल्या खोल्यांना आहे. बार, स्मोक रूम, टाइल्सची मार्गिका हे तोडून फ्लॅट करायची परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य.

आबा_स्मेथिक

मी टाइपिंगला हळू आहे, तरी लिहितो कारण विषय जवळचा आहे. मी १९७२ साली डॉक्टर म्हणून या भागात आलो, मूळचा साताऱ्याचा.

तुम्ही मंडळी खोल्यांची नावं घेताय, बार, स्मोक रूम. त्या खोल्या कशासाठी होत्या ते सांगायला पाहिजे. बार म्हणजे कामकऱ्यांचा, उभ्याने प्यायचं, फरशीवर भुसा. स्मोक रूममध्ये गादीच्या बैठका, तीच बिअर थोडी महाग, तिथे कारकून दुकानदार बसणार. बाजूला एक छोटी खिडकी असायची तिथून बायकापोरं बिअरचा जग भरून घरी न्यायची. म्हणजे एका छपराखाली लोकांना वेगळं ठेवायची सोय. मग १९५० नंतर आपले लोक, पंजाबी, वेस्ट इंडियन, इथल्या ओतशाळांमध्ये कामाला आले तेव्हा त्याच भिंतींचा उपयोग रंगावरून वेगळं ठेवायला झाला. बारमध्ये या, स्मोक रूममध्ये येऊ नका. काही ठिकाणी अजिबातच नाही.

इथून दोनअडीच मैलांवर स्मेथिक. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथे आले, मार्शल स्ट्रीटवर चालले, आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल त्यांना ब्लू गेट्स पबमध्ये घेऊन गेले. चांगल्या खोलीत त्यांना काही दिलं नाही. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. जौहल आणि त्यांचे सोबती हे काम पद्धतशीर करायचे, युनिव्हर्सिटीचे गोरे विद्यार्थी बरोबर न्यायचे, त्यांना दिलं आणि आपल्याला नाकारलं की तोच पुरावा, आणि पुढे लायसन्स नूतनीकरणाच्या वेळी हरकत घ्यायची. १९६५ च्या अखेरीस रेस रिलेशन्स कायदा आला आणि पबमध्ये असं नाकारणं बेकायदा झालं. पण मेंबरांचे क्लब त्यातून सुटले होते, ते १९७६ च्या कायद्यात आले. मी आलो तेव्हा मला हॉस्पिटलच्या सहकाऱ्यांनी एका क्लबवर बोलावलं होतं आणि दारावरच्या माणसाने मला बाहेरच उभं केलं, सहकारी आत गेले. मी चालत घरी आलो. ते अजून विसरलेलो नाही.

म्हणून मी रोखठोक यांना सांगेन, दारूचं दुकान म्हणून बघू नका. त्या खोल्यांमध्ये जायला आमच्या पिढीतल्या माणसांनी भांडण केलेलं आहे. ती जागा बंद पडून सडली तर त्या भांडणाची निशाणीही जाईल.

मीरा_एनडब्ल्यू८

आबा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. अजून आठवणी असतील तर कृपया लिहा, वेगळा धागा काढा.

तुळशीबागकर

आबा, धन्यवाद. यापुढे मी काय लिहिणार. पण तुमच्याच भागातलं देसी पबांचं उदाहरण इथे यायला हवं. ज्यांना पूर्वी आत घेत नव्हते त्यांनीच पुढे बंद पडत आलेले पब चालवायला घेतले, आणि आज स्मेथिक, वेस्ट ब्रॉमविच, हँड्सवर्थकडच्या पट्ट्यात असे पब भरलेले असतात. तापलेल्या तव्यावर चुरचुरत येणारं मिक्स्ड ग्रिल, कांदा, लिंबू, नान, टीव्हीवर क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही, आजोबा, नातवंडं, शेजारचा म्हातारा गोरा गिऱ्हाईक, सगळे एका टेबलावर. वेस्ट ब्रॉमविचच्या रेड लायनने (हा वेगळा, नाव तेच) तर स्थलांतराची गोष्ट सांगणाऱ्या रंगीत काचा बसवून घेतल्यात. धंदा जेवणावर चालतो, दारू त्यातला एक भाग. न पिणारं कुटुंबही येऊन जेवून जातं. रोखठोक, तुमच्या मुद्द्याला मला हेच उत्तर वाटतं.

रोखठोक

जेवणाचं पटतंय. कुटुंबाने जावं अशी जागा असेल तर माझा विरोध नाही. पण पैसे कोण घालणार हा प्रश्न तसाच आहे.

विटामाती

पैशांकडे येतेच, आधी याच आर्किटेक्टचे दोन पब बघा. ॲस्टनचा बार्टन्स आर्म्स, १८९९-१९०१. भोवतीची सगळी वस्ती पाडून मोठे रस्ते केले, हा एकटा मध्ये उभा राहिला. मिंटन हॉलिन्सच्या टाइल्स, बारवर फिरत्या काचेच्या झडपा, ज्यांच्याआड बसून गिऱ्हाईकाला वाढणाऱ्याची नजर टाळता यायची. तोही बंद पडला होता, नासधूस सुरू झाली होती, मग पीटरबरोच्या ओकहॅम ब्रुअरीने घेतला, दुरुस्त केला आणि आत थाई जेवण सुरू केलं. दुसरा वुडमन, कर्झन स्ट्रीटच्या जुन्या स्टेशनशेजारी, १८९६-९७ चा, तोही बंद होऊन २०१३ मध्ये पुन्हा उघडला. म्हणजे या शहरात याच हाताच्या इमारती उठून उभ्या राहिल्यात. दोन्ही वेळेला चालवणारा माणूस आधी सापडला आणि त्याच्या मागून पैसा आला.

मीरा_एनडब्ल्यू८

लंडनकडचे दोन किस्से देते, कारण 'वाचवणं' किती तऱ्हेचं असतं ते त्यातून दिसतं.

लॉर्ड्सला मॅच बघायला आलात तर मैदानापासून पाच-दहा मिनिटांवर ॲबरडीन प्लेसला क्रॉकर्स फॉली आहे. १८९८-९९ मध्ये फ्रँक क्रॉकर नावाच्या माणसाने क्राउन हॉटेल म्हणून बांधलं, आत संगमरवरच संगमरवर. दंतकथा अशी की नव्या रेल्वेचं टर्मिनस आपल्या दारात येणार म्हणून त्याने सगळा पैसा ओतला, स्टेशन गेलं मॅरिलबोनला, आणि त्याने खिडकीतून उडी मारली. खरं तर तो १९०४ मध्ये आजारपणाने गेला. ही इमारत २००४ मध्ये बंद पडली, दहा वर्षं तशीच, आणि २०१४ मध्ये एका लेबनीज रेस्टॉरंटवाल्यांनी अतिशय निगुतीने दुरुस्त करून उघडली. छत, संगमरवर, झुंबरं, सगळं झळकतं. पण ती रेस्टॉरंट म्हणून उघडली, पूर्वी तिथे नुसतं येऊन बसणारे म्हातारे लोक परत आले नाहीत. मला तरीही ते चांगलंच झालं असं वाटतं, कारण दुसरा पर्याय गळणारं छप्पर हा होता.

दुसरा कार्लटन टॅव्हर्न, किलबर्नजवळ. १९२०-२१ चा, व्हिक्टोरियन नाही. मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते, परवानगी मिळाली नव्हती, आणि लिस्टिंग होऊ घातलेलं असताना एप्रिल २०१५ मध्ये त्याने पब सरळ पाडला. आसपासच्या लोकांनी इतका पाठपुरावा केला की वेस्टमिन्स्टर कौन्सिलने हुकूम काढला, वीट न् वीट होती तशी बांधून द्या. मालक अपिलात गेला, हरला. एप्रिल २०२१ मध्ये पब पुन्हा उघडला, जुन्या टाइल्स, जुनी पाटी, सगळ्यासकट. पाडायच्या थोडं आधी हिस्टॉरिक इंग्लंडच्या लोकांनी आतलं सगळं नोंदवून ठेवलं होतं म्हणूनच ते जमलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तुमच्याकडच्या हिमलीचा क्रुकेड हाउस पब जळला आणि दोन दिवसांत पाडला गेला, तिथेही पुन्हा बांधायची नोटीस निघाली ती याच उदाहरणाच्या जोरावर.

यातून रेड लायनसाठी आज करण्यासारखं एक काम म्हणजे आतले फोटो, मोजमापं, जुन्या आठवणी गोळा करणं. ज्यांच्याकडे २००८ च्या आधीचे लग्न, वाढदिवस, डार्ट्सच्या मॅचचे फोटो असतील त्यांच्या मागे भिंतीवरच्या टाइल्स दिसत असणार.

पाणीदार

सहकारी तत्त्वावर घेता येणार नाही का? आपल्या महाराष्ट्रात साखर कारखाने उभे राहिले सभासदांच्या शेअरवर, इथे पब नाही घेता येणार?

दप्तरदार

येतो की, घेतलाय लोकांनी. दक्षिण लंडनमधल्या नन्हेडचा आयव्ही हाउस २०१३ मध्ये गिऱ्हाईकांनी शेअर काढून घेतला, तो अजून उदाहरण म्हणून सांगतात. पद्धत अशी की कम्युनिटी बेनिफिट सोसायटी नोंदवायची, शेअर विकायचे, आणि कितीही शेअर घेतले तरी एका माणसाला एकच मत. लोकलिझम ॲक्ट २०११ खाली पबला 'समाजाच्या उपयोगाची मालमत्ता' म्हणून नोंदवता येतं, मग मालक विकायला निघाला की गावाला सहा महिने मिळतात पैसे जमवायला.

पण रेड लायनला इथे अडचण आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. त्या नोंदीसाठी जागेचा लोकोपयोग चालू असावा लागतो किंवा नजीकच्या काळात झालेला असावा लागतो. २००८ हा नजीकचा काळ कसा म्हणायचा? नोंद फेटाळली जाऊ शकते. अर्ज करायचाच, पण सगळी भिस्त त्यावर ठेवायची नाही. शिवाय सरकारने या कामासाठी दीडशे दशलक्ष पौंडांचा कम्युनिटी ओनरशिप फंड काढला होता तो २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला.

विटामाती

बरोबर. म्हणून मला ट्रस्टचा रस्ता जास्त खरा वाटतो. बर्मिंगहॅम कॉन्झर्व्हेशन ट्रस्टने ज्वेलरी क्वार्टरमधला न्यूमन ब्रदर्सचा शवपेट्यांच्या कड्या-मुठी बनवायचा कारखाना वाचवला. कारखाना बंद पडल्यावर म्युझियम म्हणून उघडायला साधारण पंधरा वर्षं गेली, २०१४ मध्ये उघडलं, मधे पैसे आटले, पुन्हा उभे केले. त्याच ट्रस्टने आधी बॅक-टू-बॅक, म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेल्या, चाळीतली घरं वाचवली होती. लॉटरीचा हेरिटेज फंड आणि आर्किटेक्चरल हेरिटेज फंड मोठी मदत करतात ती बहुतेक करून अशा ट्रस्टना आणि लोकांच्या संस्थांना, कारण तिथे फायदा खासगी खिशात जात नाही. खाली देसी पद्धतीचं जेवणाचं चालतं पब-रेस्टॉरंट, वरच्या मजल्यावर कार्यक्रमांसाठी हॉल आणि आबांनी सांगितलेल्या इतिहासाची एक खोली, असं काही कागदावर मांडलं तर त्याला पैसे मागता येतात. रिकाम्या भिंतींसाठी नाही मागता येत.

पण सगळ्यात आधी छप्पर. बाकीचं पाच वर्षांनी झालं तरी चालेल, पाणी थांबायला पाहिजे.

मीरा_एनडब्ल्यू८

आणि पत्रांचा उपयोग होत नाही असं कुणी समजू नका. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहत होते ते प्रिमरोझ हिलचं १०, किंग हेन्रीज रोड महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, पण ते राहतं घर म्हणून नोंदलेलं, आणि कॅम्डन कौन्सिलने २०१८ मध्ये म्युझियमची परवानगी नाकारली. अपील झालं, चौकशी बसली, जगभरातून लोकांनी लिहिलं, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. इथलं प्लॅनिंग खातं कागदावर चालतं. कागदावर आपण नसलो तर आपण नाहीच.

तुळशीबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं वाचल्यावर मी पुढचं असं ठरवतोय. एक, कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन टीमला आणि वॉर्डच्या कौन्सिलरना पत्र, मागणी एकच, कलम ५४ खाली छप्पर आणि पन्हळींची तपासणी. मसुदा मी लिहितो, विटामाती, तांत्रिक भाग तुम्ही बघाल का? दुसरं, फोटो आणि आठवणी, पंजाबी आणि जमैकन शेजाऱ्यांकडून सुद्धा, कारण हा पब आपल्यापेक्षा त्यांचा जास्त आहे, आपण मदतीला. गुरुद्वाऱ्यात आणि चर्चमध्ये मी स्वतः जाऊन बोलतो.

तिसरं, त्या मालमत्तेच्या नोंदीसाठी संस्था नसेल तर किमान २१ लोकांची सही लागते, आणि सही करणारे इथल्या किंवा शेजारच्या कौन्सिलच्या मतदार यादीत हवेत. बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितो, भारतीय पासपोर्ट असला तरी आपण कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून इथल्या मतदार यादीत नाव घालू शकतो, ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. दप्तरदार म्हणाले तसं अर्ज फेटाळला जाईलही, पण मग तो कोणत्या कारणाने फेटाळला ते लेखी मिळेल आणि पुढच्या पत्रात वापरता येईल.

आबा_स्मेथिक

मी स्मेथिकचा, म्हणजे सँडवेल कौन्सिलचा. शेजारचं चालतं म्हणालात, तर पहिली सही माझी धरा. जुन्या सहकाऱ्यांना फोन करतो, इंडियन वर्कर्समधल्या काहींची मुलं अजून संपर्कात आहेत.

रोखठोक

हँड्सवर्थ वुडला राहतो, यादीत नाव आहे. माझी आणि बायकोची अशा दोन सह्या धरा. छपराच्या पत्रावर मालकाला प्रत जाईल ना? नाहीतर तो म्हणेल मला कोणी विचारलंच नाही.

विटामाती

प्रत जायलाच हवी, लँड रजिस्ट्रीमधून मालकाचा पत्ता थोडी फी भरून मिळतो. मसुदा पाठवा, रविवारपर्यंत बघून देते.